जागेचा झोन, आरक्षण आणि बांधकाम परवानगी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरे मुख्यतः मुंबई महापालिकेबाहेरच्या महाराष्ट्राला लागू पडतात. जिथे मुंबईचा किंवा गोव्याचा नियम वेगळा आहे, तिथे तसे सांगितले आहे.

जमीन माझी, मग तिच्यावर काय बांधायचे ते नगररचनावाल्यांनी का ठरवायचे?

मालकी तुमचीच राहते. पण इमारतीचा भार तिच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी थांबत नाही. सहा मीटरच्या गल्लीत दोन मजली घरांच्या जागी सात मजली इमारती आल्या की पाण्याची लाइन, ड्रेनेज आणि गाड्या लावायची जागा सगळ्यांनाच कमी पडते. फॅब्रिकेशनचे वर्कशॉप ज्याच्या जमिनीत असते त्याला भाडे मिळते, आवाज मात्र शेजारचा ऐकतो. म्हणून न जमणारे वापर वेगळे ठेवायचे आणि कुठे किती बांधकाम पेलेल ते ठरवायचे, ही झोनिंगची पहिली दोन कामे.

तिसरे काम लोकांच्या लक्षात येत नाही, कारण त्याचा फायदा वीस-तीस वर्षांनी दिसतो. शाळा, मैदान, दवाखाना, अग्निशमन केंद्र, स्मशानभूमी आणि रुंद रस्ते यांची जागा वस्ती होण्याआधी राखून ठेवावी लागते. वस्ती झाल्यावर ती पैसे देऊनही मिळत नाही. मुंबईत १८९६ ला प्लेग आला, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याकडे या ट्रस्टने आधी रस्ते आणि मोकळ्या जागा आखल्या, मग भूखंड पाडले. आजही त्या भागात फिरताना फरक कळतो. १९१५ मध्ये मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा आला. आज राज्यात जो चालतो तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. बोलताना सगळे त्याला ‘एमआरटीपी’ म्हणतात.

हेतू चांगला असला तरी अंमल अनेकदा ढिला असतो. राखलेल्या जागा वेळेत ताब्यात न घेणे हा आपल्याकडचा जुना आजार आहे. त्याचा त्रास कुणाला आणि कसा होतो ते पुढे आरक्षणाच्या प्रश्नात येईल.

झोन आणि आरक्षण एकच ना?

नाही, आणि बहुतेक फसवणुकी या गोंधळावरच उभ्या असतात. झोन म्हणजे त्या पट्ट्यात सर्वसाधारणपणे कोणता वापर चालेल: निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती, सार्वजनिक-निमसार्वजनिक, हरित पट्टा, टेकडी उतार वगैरे. आरक्षण म्हणजे त्या झोनमधला एखादा नेमका तुकडा सार्वजनिक कामासाठी अडवून ठेवलेला. त्याला क्रमांक असतो आणि तो कुणी विकसित करायचा तेही लिहिलेले असते. पिवळ्या निवासी झोनच्या मधोमध क्रीडांगणाचे आरक्षण असू शकते. एजंट ‘येलो झोन’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, अर्धेच सांगत असतो.

तिसरी गोष्ट विकास योजनेतला (शहराच्या नियोजन आराखड्यातला) रस्ता, म्हणजे डीपी रोड. तो जागेवर दिसत नाही, नकाशावर असतो. आणि चौथी, जमिनीची महसुली स्थिती: शेती की अकृषिक (एनए), भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. ही नगररचनेच्या नकाशावर दिसत नाही, ती सातबाऱ्यावर पाहायची. या चारही गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. एक बरोबर निघाली म्हणून दुसरी बरोबर असेलच असे नाही.

माझ्या जागेला कोणती नियमावली लागू आहे?

आधी जागा कोणाच्या हद्दीत आहे ते बघा. बृहन्मुंबईत विकास आराखडा २०३४ आणि त्याची वेगळी नियमावली आहे. उरलेल्या जवळपास सगळ्या राज्यात, महापालिका, नगरपालिका, नगरपंचायती, प्राधिकरणे आणि प्रादेशिक योजनांची क्षेत्रे धरून, डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. कार्यालयात आणि आर्किटेक्टकडे तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचे क्षेत्र), गिरिस्थान नगरपालिका, लोणावळा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झालेली क्षेत्रे तिच्या बाहेर आहेत.

ग्रामपंचायत हद्दीतल्या जमिनीबाबत नेहमी चूक होते. ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे’ हे वाक्य गावठाणाच्या आत अर्थपूर्ण आहे. गावठाणाबाहेर शेतात बांधायचे तर परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची, किंवा प्राधिकरण असेल तर त्या प्राधिकरणाची. सरपंचांच्या सहीचा ठराव आणि आठ नंबरचा उतारा (ग्रामपंचायतीची घरपट्टीची नोंद) दाखवून विकलेली गावठाणाबाहेरची घरे बँकेच्या वकिलाकडे पोचली की अडकतात.

झोन कसा तपासायचा? दलालाने मोबाइलवर नकाशा दाखवला तो पुरे का?

मोबाइलवरच्या नकाशाने अंदाज येतो, व्यवहार करायला तो पुरत नाही. लागणारे कागद दोन: झोन दाखला आणि भाग नकाशा. महापालिका किंवा नगरपालिका हद्दीत ते तिथल्या नगररचना विभागात मिळतात, बाहेर नगररचनेच्या शाखा कार्यालयात किंवा प्राधिकरणात. ही लोकसेवा हक्क कायद्याखालची सेवा आहे आणि अनेक ठिकाणी अर्ज ऑनलाइन करता येतो. सोबत अलीकडचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि मोजणी नकाशा जोडा. मुंबईत याच कामासाठी सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर देऊन ‘डीपी रिमार्क’ काढतात.

दाखला हाती आल्यावर तो नीट वाचा. समजा, त्यावर असे लिहिले आहे: ‘गट क्र. १२४ पै. : अंशतः निवासी विभाग, अंशतः १८ मी. रुंद विकास योजना रस्ता, अंशतः आ.क्र. ३७ क्रीडांगण.’ इथे ‘पै.’ म्हणजे पैकी, ‘आ.क्र.’ म्हणजे आरक्षण क्रमांक, आणि सगळी मेख ‘अंशतः’ या शब्दात आहे. दाखला अख्ख्या गटाबद्दल बोलतो. तुम्ही घेणार त्यातले पाच गुंठे. ते पाचही गुंठे १८ मीटरच्या रस्त्यात बसू शकतात, आणि तरीही दाखल्यावर ‘निवासी’ हा शब्द असतोच. म्हणून भूमी अभिलेख खात्याची हद्द कायम मोजणी करून घ्या आणि तो मोजणी नकाशा भाग नकाशावर त्याच प्रमाणात बसवून बघायला आर्किटेक्टला सांगा. हे काम एका दिवसाचे, पण त्यावाचून इसार देऊ नये.

दुसरी अडचण जुन्या-नव्या क्रमांकांची. विकास योजना जुन्या सर्व्हे नंबरवर, सातबारा गट नंबरवर, आणि नगररचना परियोजना (भूखंड नव्याने आखून वाटण्याची योजना) झाली असेल तर अंतिम भूखंड क्रमांक तिसराच. तिन्हींचा मेळ घालणारा उतारा मागून घ्या. आणि अर्जात एक वाक्य आवर्जून घाला: ‘मंजूर तसेच प्रारूप, दोन्ही योजनांनुसार माहिती द्यावी.’ नाही तर दाखला फक्त मंजूर योजनेचा मिळतो, आणि गेल्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या प्रारूपात, म्हणजे मसुद्यात, तुमच्या प्लॉटवर बाग पडली आहे हे कळतच नाही.

येलो झोनमधला एनए प्लॉट आहे. म्हणजे घर बांधता येईल ना?

बहुधा येईल, पण अजून काही गोष्टी बघायच्या राहतात. प्लॉट मंजूर रेखांकनातला, म्हणजे सँक्शन्ड ले-आउटमधला आहे का? एनएचा आदेश अख्ख्या गटाचा असतो आणि नंतर मालक हवे तसे तुकडे पाडून विकतो, असे सर्रास होते. मंजूर रेखांकनात आतल्या रस्त्यांची रुंदी ठरलेली असते, ४,००० चौ. मीटर किंवा जास्त क्षेत्र असेल तर १० टक्के खुली जागा सोडावी लागते, आणि २०,००० चौ. मीटरच्या वर गेल्यास सुविधा क्षेत्रही. ज्या रेखांकनात १५ फुटी रस्ते आहेत आणि खुली जागा कुठेच नाही, ते मंजूर नसण्याचीच शक्यता मोठी.

रेखांकनाचा नकाशा मागा, त्यावरचा शिक्का आणि मंजुरी क्रमांक वाचा, आणि तो क्रमांक कार्यालयात पडताळा. ‘तात्पुरते मंजूर’ आणि ‘अंतिम मंजूर’ यांत फरक आहे. तात्पुरत्या मंजुरीवर विकलेले प्लॉट रस्ते-गटारे न झाल्यामुळे अंतिम मंजुरीला वर्षानुवर्षे लटकतात.

मग पोहोच रस्ता. प्लॉटच्या समोर ९ मीटरचा रस्ता आहे, पण मुख्य रस्त्यापासून तिथवर येताना मधले शंभर मीटर दुसऱ्याच्या शेतातली पाऊलवाट आहे, असे प्रकार पुष्कळ. नकाशावरचा रस्ता जागेवर चालून बघा.

झोन निवासी असेल तर एनए वेगळी लागते का?

या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. झोन नगररचना कायद्याचा, एनए महसूल संहितेची. पूर्वी प्रत्येकाला महसूल संहितेच्या कलम ४४ खाली स्वतंत्र आदेश घ्यावा लागे. नंतरच्या दुरुस्त्यांनी कलम ४२-अ, ४२-ब, ४२-क आणि ४२-ड आली. त्यांचा आशय असा की विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत जमीन ज्या वापरासाठी दाखवली आहे, त्या वापरासाठी ती अकृषिक मानायची. मालकाने ठरलेली रक्कम भरायची. वर्ग २ ची जमीन, म्हणजे इनाम, वतन, कूळहक्काची किंवा सरकारने दिलेली, असेल तर नजराणा (सरकारला भरायची रक्कम) आणि सक्षम अधिकाऱ्याची परवानगी हा वेगळा विषय उरतोच. सरकारने या तरतुदींत अलीकडेही बदल केले आहेत, तेव्हा दोन-तीन वर्षांपूर्वी भावकीतल्या कुणी कसे केले त्यावर जाऊ नका; तहसील कार्यालयात सध्याची पद्धत विचारा.

४२-ड मुळे एक आख्यायिका पसरली आहे: ‘गावठाणापासून २०० मीटरमध्ये सगळे एनए.’ तसे नाही. ती जमीन योजनेत विकासयोग्य झोनमध्ये असावी लागते. आणि २०० मीटर मोजायचे ते गावठाणाच्या नोंदलेल्या हद्दीपासून, गावातल्या शेवटच्या घरापासून नव्हे.

शेती झोनमध्ये काय काय चालते?

वाटते त्यापेक्षा बरेच: शेतघर, गोठा, कुक्कुटपालन, रोपवाटिका, गोदाम, शीतगृह, पेट्रोल पंप, शाळा, मंगल कार्यालय, कृषी पर्यटन. मात्र प्रत्येकाला किमान क्षेत्र, रस्त्याची रुंदी आणि कमाल बांधकाम अशा अटी आहेत. शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे ४० आर, म्हणजे सुमारे एक एकर जमीन लागते. तेव्हा पाच-पाच गुंठ्यांचे ‘फार्महाउस प्लॉट’ विकणाऱ्याला विचारा की परवानगी कोणत्या नियमाखाली मिळणार. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात गावठाणालगतच्या शेती झोनमध्ये अधिमूल्य (प्रीमियम) भरून निवासी वापराला मुभा देणारी तरतूद आहे. अंतर गावाच्या लोकसंख्येप्रमाणे बदलते, म्हणून आपल्या गावाचे लेखी विचारून घ्या.

एफएसआय रस्त्यावर अवलंबून का? शेजारच्या गल्लीत जास्त मजले आणि आमच्याकडे कमी, असे कसे?

रुंद रस्ता जास्त माणसे, जास्त गाड्या आणि आगीचा बंब पेलू शकतो, म्हणून. पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, ठाणे अशा मोठ्या महापालिकांत दाट वस्तीबाहेरच्या निवासी भूखंडाचा मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते तो आकडा, १.१० आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर गणित तिथेच संपते. ९ ते १२ मीटर रस्त्यावर ०.५० अधिमूल्य भरून आणि ०.४० टीडीआर (दुसऱ्या जागेचे हस्तांतरित विकास हक्क) विकत घेऊन एकूण २.०० पर्यंत जाता येते. १२ ते १५ मीटरला २.२५, १५ ते २४ ला २.५०, २४ ते ३० ला २.७५ आणि ३० मीटर व त्यापुढे ३.०० अशी चढण आहे.

याशिवाय अनुषंगिक एफएसआय असतो: निवासी वापराला ६० टक्के, अनिवासीला ८० टक्के. जिने, लिफ्ट, पॅसेज, बाल्कनी यांच्यासाठी पूर्वी वेगवेगळी सूट घेत, तो सगळा प्रकार या नियमावलीने एका आकड्यात बसवला. तोही फुकट नाही, रेडीरेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या) दरावर अधिमूल्य पडते.

५०० चौ. मीटरचा प्लॉट घेऊ. ७.५ मीटर रस्त्यावर मूळ ५५० चौ. मीटर, त्यावर ६० टक्के म्हणजे ३३०, एकूण ८८०. तोच प्लॉट ९ मीटर रस्त्यावर असेल तर ५५० अधिक २५० अधिक २००, म्हणजे १,०००, आणि अनुषंगिक ६०० धरून १,६००. दीड मीटर रस्त्याच्या फरकाने जवळजवळ दुप्पट. जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास ज्या गल्ल्यांत अडलाय, तिथे अडण्याचे कारण बहुधा एवढेच असते. महापालिकेने महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्ता रुंदीची रेषा आखली आणि सगळ्यांनी पुढची पट्टी सोडली तर मार्ग निघतो. एकट्या सोसायटीने आपल्यापुरती पट्टी सोडून भागत नाही.

आणि हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), पार्किंग, आणि विमानतळाजवळ असाल तर उंचीची मर्यादा, एवढे सोडून झाल्यावर लहान प्लॉटवर पूर्ण एफएसआय बसतच नाही. बिल्डर सोसायटीला आकडा सांगतो तेव्हा तो नकाशावर बसवून दाखवायला सांगा.

राहत्या फ्लॅटमध्ये क्लिनिक, क्लास किंवा ऑफिस चालते का?

डॉक्टर, वकील, सीए यांनी स्वतःच्या राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय करणे निवासी झोनमध्ये सहसा चालते. अख्खा फ्लॅट भाड्याने घेऊन कोचिंग क्लास किंवा ब्युटी पार्लर थाटणे हा वापर बदल, आणि त्याला एमआरटीपीच्या कलम ४३ प्रमाणे परवानगी लागते. निवासी झोनचे आर-१ आणि आर-२ असे दोन भाग रस्त्याच्या रुंदीवरून पडतात: अरुंद रस्त्यावर किरकोळ, रोजच्या गरजेचे धंदे, रुंद रस्त्यावर दुकाने, बँका, हॉटेले वगैरे. पार्किंग वाढीव लागते, आणि परवानगी सहसा तिथेच अडते.

‘आम्ही कमर्शियल दराने घरपट्टी भरतो, शॉप अ‍ॅक्टही आहे’ हे उत्तर कामाचे नाही. घरपट्टी प्रत्यक्ष वापरावर आकारतात. त्याने तो वापर कायदेशीर होत नाही.

बांधकाम परवानगी कशी मिळते आणि किती दिवसांत?

परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंत्यामार्फत ऑनलाइन प्रस्ताव जातो. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, मालकी हक्काची कागदपत्रे, नकाशे. छाननी होते, चलने निघतात: विकास शुल्क, अधिमूल्ये, कामगार कल्याण उपकर. ती भरल्यावर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. जोत्यापर्यंत काम आले की जोता तपासणी करून घ्यायची, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. जोता तपासणी टाळून काम पुढे रेटले आणि नंतर इमारत एका बाजूला अर्धा मीटर सरकलेली निघाली, की भोगवटा अडतो. तेव्हा ती दुरुस्त करणे कुणाच्याच हातात नसते.

१५० चौ. मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या साध्या घराला आर्किटेक्टच्या स्वयंप्रमाणित नकाशावर, शुल्क भरून, पावतीवरच काम सुरू करता येते. १५० ते ३०० चौ. मीटरला दहा दिवसांत निर्णयाची तरतूद आहे. बाकीच्यांना कायद्याची मुदत साठ दिवस. साठ दिवस उलटले की परवानगी मिळाल्याचे मानले जाते, पण नकाशा नियमांत पूर्ण बसत असेल तरच. न बसणाऱ्या नकाशावर ‘डीम्ड परमिशन’ सांगून केलेले काम अनधिकृतच ठरते. परवानगी नाकारली तर राज्य सरकारकडे चाळीस दिवसांत अपील आहे.

प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्षाचे असते. दरवर्षी नूतनीकरण करत एकूण चार वर्षे चालते. नूतनीकरण विसरून मधल्या काळात नियम बदलले, की जुन्या नकाशाचे फायदे हातचे जातात.

आमच्या जागेवर आरक्षण पडले. आता काय?

कोणत्या टप्प्यावर कळले त्यावर उत्तर अवलंबून आहे. योजना अजून प्रारूप असेल तर हरकत नोंदवा. मुदत नोटिशीतच दिलेली असते, बहुतेक ठिकाणी तीस दिवस, आणि ती चुकली की पुढे कुणीही फारसे ऐकत नाही. हरकतीत गाव, गट क्रमांक, क्षेत्र, आरक्षणाचा क्रमांक, नेमके म्हणणे, पर्याय आणि पुरावे असावेत. पोच घ्या. नंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते.

‘गरीब शेतकऱ्यावर अन्याय’ एवढ्यावर आरक्षण उठत नाही. टिकतात ते मुद्दे वेगळे: त्या जागेवर प्रारूपाआधीची मंजूर बांधकाम परवानगी आहे, विद्यमान भूवापर नकाशात तिथले उभे घर दाखवलेच नाही, शेजारी त्याच कामाला पुरेल अशी सरकारी जमीन आहे, रस्त्याची रेषा दहा मीटर सरकवली तर आठ घरे वाचतात आणि वळणही सुधारते. असा मुद्दा नकाशावर रेषा काढून मांडला तर समितीला त्यावर लिहावेच लागते.

योजना मंजूर झाली असेल तर कलम १२६ खाली तीन वाटा: वाटाघाटीने मोबदला, भूसंपादन कायद्याने मोबदला, किंवा जमिनीच्या बदल्यात टीडीआर वा एफएसआय. महापालिका टीडीआरचा आग्रह धरते, कारण तिजोरीतून काही जात नाही. दाट वस्तीबाहेरच्या जमिनीला क्षेत्राच्या दुप्पट आणि दाट वस्तीत तिप्पट टीडीआर मिळतो. पण तो वापरताना दोन्ही ठिकाणच्या रेडीरेकनरचे गुणोत्तर लागते. तुमच्या १,००० चौ. मीटर जागेचे २,००० चौ. मीटर विकास हक्क आले, तुमच्या भागाचा दर १०,००० रुपये आणि जिथे वापरायचे तिथला २०,००० असेल, तर तिथे १,००० चौ. मीटरच बांधता येतात. ‘दुप्पट’ ऐकून हुरळून जाऊ नका. बाजारात आज टीडीआर काय भावाने जातो ते दोन-तीन ठिकाणी विचारून मग मोबदल्याशी तुलना करा.

चौथी वाट कलम १२७ ची. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून चोवीस महिन्यांत संपादन झाले नाही किंवा संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिने होती, मग बारा झाली आणि आता चोवीस. नुसता ठराव किंवा प्रस्ताव पाठवणे हे ‘पाऊल’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये सांगितले. व्यपगत झाल्यावर लगतच्या जमिनीला जो वापर चालतो तो तुम्हाला मिळतो, पण राजपत्रात आदेश निघेपर्यंत पाठपुरावा करावा लागतो.

नोटिसा फुकट जातात त्या साध्या चुकांनी. भावांपैकी एकानेच सही केली. मालकीचे कागद जोडलेच नाहीत. आरक्षण विकसित करणारी संस्था वेगळीच होती आणि नोटीस फक्त महापालिकेला गेली. मधल्या काळात टीडीआरसाठी अर्ज करून ठेवला होता. हे काम वकिलाकडूनच करून घ्या.

झोन बदलून मिळतो का?

मिळतो, पण ‘महिन्यात करून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. मंजूर विकास योजनेत फेरबदल कलम ३७ ने होतो: नियोजन प्राधिकरणाचा ठराव, जाहीर सूचना, हरकती, सुनावणी आणि राज्य सरकारची मंजुरी. प्रादेशिक योजनेला कलम २० आहे. शिवाय दर वीस वर्षांनी योजनेची सुधारणा होते, तेव्हा शेतीचे पट्टे निवासी होतात. त्या आशेवर जमीन घेणारे पुष्कळ. प्रारूपावर फार विसंबू नये, याचे उदाहरण पुण्यातलेच आहे: पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) प्रारूप आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२५ मध्ये सरकारने तो रद्द केला. मधल्या चार वर्षांत त्यातल्या रंगांवर भाव ठरवून व्यवहार झाले होते.

झोन निवासी असूनही बांधता येत नाही, असे कुठे होते?

नदीकाठी. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच ठेवून चालते. २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरकरांना हे का ते सांगायला नको. टेकड्यांवर १:५ पेक्षा तीव्र उताराला मनाई आहे. पुण्यातल्या समाविष्ट गावांत जैवविविधता उद्यानाचे आरक्षण वेगळे. देहूरोड परिसरात दारूगोळा कोठाराभोवतीचा ‘रेड झोन’ आहे. तिथले स्वस्त प्लॉट स्वस्त का आहेत ते यावरून समजावे. कोकण किनाऱ्यावर आणि खाडीलगत सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) बघा.

गुंठेवारीतले किंवा परवानगीशिवायचे बांधकाम नियमित होते का?

काही होते. गुंठेवारी म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेली जमीन. तिचा कायदा २००१ चा आहे आणि पुढे त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारी विकासांना संधी दिली गेली. शुल्क भरून, रस्त्याची पट्टी सोडून काम होते. आरक्षण, डीपी रस्ता, पूररेषा किंवा सरकारी जमीन यांवरचे मात्र होत नाही. सहहिश्श्याने अकरा जणांच्या नावे लावलेला सातबारा ही वेगळीच डोकेदुखी. तिथे आधी मोजणी आणि वाटप, मग बाकीचे.

गोव्यात हेच नियम चालतात का?

नाही. तिथे १९७४ चा नगर व ग्राम नियोजन कायदा, प्रादेशिक आराखडा २०२१ आणि काही शहरांसाठी बाह्यरेषा विकास आराखडे आहेत. सातबाऱ्याच्या जागी एक-चौदाचा उतारा, एनएच्या जागी सनद. ‘सेटलमेंट’ झोन म्हणजे वस्तीयोग्य, ‘ऑर्चर्ड’ म्हणजे बागायत. ऑर्चर्डची जमीन ‘लवकरच सेटलमेंट होईल’ म्हणून दाखवली जाते, तेव्हा झोन बदलाचे आदेश कोणत्या कलमाखाली निघाले आहेत आणि त्या कलमाविरुद्ध उच्च न्यायालयात काय चालू आहे, ते तिथल्या वकिलाकडून तपासा. महाराष्ट्रातून जाऊन जागा घेणारे नेमके इथेच अडकतात.